हिवाळी परीक्षा जवळ आली: तयारी वाचून नको, लिहून करा

धक्क्यावरची

आमच्या भागातल्या बऱ्याच मुलांना विषय येतो, तरी गुण जातात. पेपर वेळेत लिहून होत नाही म्हणून जातात. हे माझं ठाम मत आहे आणि त्यासाठीच हा धागा काढते आहे. पटलं नाही तर जरूर लिहा, पण आधी पूर्ण वाचा.

मी गुहागर तालुक्यातली, खाडीकाठच्या गावातली. एम.कॉम. झाल्यापासून संध्याकाळी वाडीतल्या कॉलेजच्या मुलांना शिकवते. कुणी गुहागरला जातं, कुणी चिपळूणला, कुणी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरून पुढे दापोलीला. सगळी मुंबई विद्यापीठाची. हे विद्यापीठ मुंबईपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत पसरलेलं, त्यामुळे शेवटच्या वर्षाला दादरच्या संलग्न कॉलेजातली मुलगी आणि आमच्या वाडीतली मुलगी एकच प्रश्नपत्रिका सोडवतात. दादरच्या मुलीला क्लास असतो आणि क्लासवाले दर रविवारी घड्याळ लावून पेपर लिहून घेतात. आमच्या मुलांचं सलग अडीच-तीन तास बसून लिहिणं बारावीनंतर थेट परीक्षेच्या वर्गातच होतं.

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ सातत्याने राज्यात पहिलं असतं. हे मंडळ २०१२ मध्ये वेगळं झालं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे त्यात. हीच मुलं पुढे कॉलेजात गेली की दोन-तीन वर्षांत मागे का पडतात? माझ्या मते शाळेत मास्तर सारखे लिहून घेतात. घटक चाचणी, सहामाही, सराव परीक्षा एक, सराव परीक्षा दोन. कॉलेजात हे थांबतं आणि मुलं 'अभ्यास केला' म्हणजे 'वाचलं' असं धरून चालतात.

एक उदाहरण देते. परिव्यय लेखांकनात, म्हणजे कॉस्टिंगमध्ये, प्रक्रिया परिव्ययाचं गणित असतं. समजा प्रक्रियेत १,००० किलो माल टाकला, एकूण खर्च ४६,००० रुपये, सामान्य घट १० टक्के, घटीचा माल किलोला १० रुपयांनी विकला जातो, आणि प्रत्यक्षात बाहेर आला ८७० किलो. माझ्याकडची एक मुलगी हे तोंडी सांगते: सामान्य घट १०० किलो, तिचे १,००० रुपये वजा, उरले ४५,०००, भागिले ९००, म्हणजे किलोला ५० रुपये. असामान्य घट, म्हणजे धरलेल्यापेक्षा जास्त झालेली, ३० किलो, १,५०० रुपये. बोलायला मिनिटसुद्धा लागत नाही. तेच गणित कागदावर मांडायला दिलं तर पट्टी शोधण्यात, रकाने आखण्यात, डावी बाजू भरल्यावर जागा पुरली नाही म्हणून खोडून पुन्हा आखण्यात पाऊण तास जातो. आणि ७५ गुणांचा पेपर अडीच तासांचा, म्हणजे एका गुणाला दोन मिनिटं. १५ गुणांच्या प्रश्नाला अर्धा तास, त्यातच प्रश्न वाचणंही आलं. ६० गुणांना दोन तास असले तरी हिशोब तोच. पाऊण तास एका गणिताला गेला की शेवटचा प्रश्न राहिला म्हणून समजा.

त्या मुलीला आणखी पुस्तक वाचायला सांगून काय उपयोग? तिला आता फक्त हाताची सवय पाहिजे. खात्याचा नमुना आधी पूर्ण आखायचा, प्रत्येक बाजूला दोन ओळी जास्त सोडायच्या, आकडेमोड खाली क्रमांक घालून वेगळी दाखवायची. हे रोज केलं की अंगवळणी पडतं.

दुसरी अडचण शेतीची, आणि ती खास आपली आहे. हिवाळी सत्राचे पेपर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि भातकापणीही तेव्हाच. हळवं भात दसऱ्याच्या आगेमागे कापणीला येतं, गरवं दिवाळीच्या सुमाराला. आईबाप एकटे शेतात राबताना मुलगा घरात पुस्तक घेऊन बसू शकत नाही, आणि बसावं असं मीही म्हणणार नाही. म्हणून मी मुलांना सांगते, घरी विचारून घ्या की यंदा कुठल्या शेतात काय लावलंय आणि कापणी कधी धरायची. ते दिवस अभ्यासातून आधीच वगळा. त्या दिवसांत फक्त पहाटे एक प्रश्न लिहायचा, बाकी काही नाही. संध्याकाळी भारे वाहून आलेल्या पोराकडून अभ्यासाची अपेक्षा धरू नये.

तुमच्याकडे काय करतात? ज्यांनी पेपर तपासलेत किंवा शिकवलंय त्यांनी तर नक्की लिहा.

---

कुडाळकार

बाय, बरोबर बोललंस. माझो झील रात्रभर मोबाईलार नोट्स बघता, सकाळी इचारलंय तर एक सांगाक येणा नाय. आता हो धागो तेका वाचून दाखवतंय. आणि पोरांनू, पेपराच्या दिवशी उपाशी जाव नको. पेज जेवन जावा.

---

कातळफूल

ताई, तुमच्या म्हणण्याला पक्का आधार आहे. मी रत्नागिरीत मानसशास्त्र शिकवते. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. सगळ्यांना एक छोटा उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तोच पुन्हा वाचला, आणि काहींनी न बघता कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६.

यातली पहिली चाचणी फार महत्त्वाची आहे. वाचल्यावर लगेच सगळं येतंय असं वाटतं, आणि त्या क्षणी ते खरंही असतं. म्हणून मुलं पुस्तक मिटून समाधानाने झोपतात. पेपर मात्र त्या क्षणी नसतो. माझ्या वर्गात मी शेवटची दहा मिनिटं पुस्तकं बंद करायला लावते आणि आज काय झालं ते लिहायला सांगते. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, कारण न आठवण्याचा त्रास होतो. तो त्रास होऊ द्यावा. आठवायला जोर लावला की ते टिकतं.

यात एक पुस्ती जोडते. लिहून झाल्यावर पुस्तकाशी ताडून बघणं आवश्यक. चुकीचं लिहिलेलं तसंच राहिलं तर चूकच पाठ होते.

---

रसायनवाला

विज्ञान शाखेला हे सरसकट लागू करू नका असं माझं म्हणणं. मी टी.वाय.बी.एस्सी., रसायनशास्त्र. सेंद्रिय रसायनात एसएन१ आणि एसएन२ अभिक्रिया आहेत, दोन्हींत कार्बनवरचा एक गट जाऊन दुसरा येतो. एसएन१ मध्ये आधी कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन असलेला आयन) तयार होतं आणि वेग फक्त मूळ संयुगाच्या संहतीवर ठरतो. एसएन२ मध्ये एकाच टप्प्यात सगळं होतं आणि रेणूची रचना वाऱ्यात छत्री उलटावी तशी उलटते. तृतीयक हॅलाइड (ज्यात हॅलोजनच्या कार्बनला आणखी तीन कार्बन जोडलेले असतात) एसएन२ का देत नाही, हे ज्याला समजलं नाही त्याने इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे बाण शंभर वेळा काढले तरी परीक्षेत संयुग बदललं की अडकणार. आमच्या वर्गातली मुलं नेमकी हेच करतात. अपेक्षित प्रश्नांची उत्तरं लिहून लिहून पाठ करतात आणि प्रश्न थोडा फिरवून आला की पान कोरं.

आधी समजून घ्यायला शिक्षक हवेत, वेळ हवा. तुम्ही लिहिण्यावर एवढा भर दिलात की नवीन मुलांना वाटेल, समजलं नाही तरी चालेल.

---

धक्क्यावरची

रसायनवाला, तुमचा मुद्दा योग्य आहे आणि तो धाग्यात यायलाच हवा होता. न समजता लिहिणं म्हणजे घोकंपट्टीच. पण समजलं की नाही हे कळणार कसं? माझा अनुभव असा की वाचताना सगळ्यांना समजल्यासारखं वाटतं, कागद पुढे घेतला की नेमकं कुठे अडलं ते दिसतं. तुमच्याच विषयात, पुस्तक मिटून एका नव्या संयुगासाठी बाण काढायला सांगितले, तर तृतीयक हॅलाइडची अडचण तिथेच उघडी पडेल. मग तेवढाच भाग शिक्षकांना विचारता येतो. आमच्याकडे सर हाताशी नसतात, शनिवारी भेटले तर भेटले. 'काही कळलं नाही' असं म्हणणाऱ्याला ते काय सांगणार? नेमका प्रश्न घेऊन गेलं तर पाच मिनिटांत काम होतं.

उत्तरं पाठ करण्याविरुद्ध मी तुमच्याच बाजूला आहे. जुन्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात, तयार उत्तरं नकोत.

---

निवृत्त मास्तर

बरीच वर्षं वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे पेपर तपासले, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मुंबई विद्यापीठाने २०१७ पासून विद्यापीठ पातळीवरच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायला सुरुवात केली. आमच्या हातात कागद येत नाही, पानांची चित्रं येतात. बारकोड असतो, त्यामुळे विद्यार्थ्याचं नाव, कॉलेज, गाव काहीही कळत नाही. खेडेगावातल्या मुलांना वाटतं की आपल्या कॉलेजचं नाव बघून गुण कमी देतात. तसं काही नसतं, ही भीती मनातून काढून टाका.

मात्र पडद्यावर तपासताना काही गोष्टी फार जाणवतात. फिकट शाईचं पेन वापरू नका. पेन्सिलीने काढलेला आलेख एवढा पुसट येतो की मागणीची रेषा कुठली आणि पुरवठ्याची कुठली ते ओळखता येत नाही, तेव्हा पेन्सिल जरा दाबून चालवा आणि रेषांना नावं द्या. समासात प्रश्न क्रमांक आणि उपप्रश्न स्पष्ट घाला. 'प्र. २ (ब)' असं लिहिलंच नाही तर परीक्षकाला पानं पुढेमागे करून शोधावं लागतं, आणि दिवसभर पडद्याकडे बघून डोळे शिणलेला माणूस किती शोधणार? नवा प्रश्न नव्या पानावर. एक उपप्रश्न मध्येच सोडून दहा पानांनंतर पूर्ण केला असेल तर दोन्ही ठिकाणी तशी नोंद करा.

गणिताच्या पेपरात अंतिम उत्तर चुकलं तरी पायऱ्यांना गुण असतात. धक्क्यावरची यांनी दिलेल्या उदाहरणात एखाद्याने ४६,००० मधून १,००० वजा करायचे विसरून ४६,००० भागिले ९०० केलं, तर दर चुकेल. पण सामान्य घट १०० किलो आणि असामान्य घट ३० किलो बरोबर काढून दाखवली असेल तर ते गुण कुणी काढून घेत नाही. आकडेमोड दाखवलीच नाही तर मात्र आमचे हात बांधलेले.

शब्दबंबाळ उत्तरं लिहू नका. पाच गुणांच्या टिपेला चार पानं लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. जास्त पानांचे जास्त गुण हा समज कुठून आला कोण जाणे, पण त्याने फार नुकसान झालं आहे. व्याख्या, तीन-चार मुद्दे, एखादं आपल्या आजूबाजूचं उदाहरण, झालं. मागणीची लवचीकता (भाव बदलला की मागणी किती बदलते) समजावताना हंगामाच्या सुरुवातीची हापूसची पेटी आणि मे अखेरीची पेटी यांच्या भावाचं उदाहरण दिलेली उत्तरपत्रिका वाचून मला मनापासून आनंद झाला होता. मुलगी कुठली ते कळलं नाही, पण विषय तिला कळला होता.

---

फाटा थांबा

अभ्यासाबद्दल जाणकार लिहीत आहेत, मी प्रवासाबद्दल लिहितो. लांजा-राजापूर पट्ट्यात आतल्या गावांतल्या मुलांसाठी पेपराच्या दिवशी वेळेत पोचणं हीच अर्धी परीक्षा आहे. वस्तीची गाडी पहाटे सुटते ती चुकली की पुढची थेट साडेनऊ-दहाला. दुपारचा पेपर असला तर परतताना अंधार होतो, मुलींच्या घरचे काळजीत.

आमच्या गावाने एक केलं. वेळापत्रक लागल्याबरोबर कॉलेजकडून पत्र घेतलं, त्याला वेळापत्रक जोडलं, आणि आगार व्यवस्थापकांना समक्ष नेऊन दिलं. मुलांनी नाही, गावातल्या मोठ्या माणसांनी. संध्याकाळची गाडी पेपर सुटल्यावर निघेल एवढी सोय त्या दिवसांपुरती करून मिळाली. मागितल्याशिवाय कुणाला कळतही नाही की आपल्या मुलांचे पेपर आहेत. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला एसटीत ६६.६७ टक्के सवलत आहे, तो पास परीक्षेच्या मध्यात संपणार नाही एवढं बघा.

ज्यांचे सलग पेपर आहेत त्यांनी तालुक्याला मामाकडे, आत्याकडे, कुणाकडे तरी तेवढे दिवस राहावं. त्यात कसला संकोच? आपल्याकडे मुलं अशीच शिकली आहेत. आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरात कधीही गाठतो. हॉलतिकीट, ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत.

---

वाशिष्ठी

हॉलतिकिटावरून आठवलं, सगळ्याच कागदांबद्दल सांगते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात घरोघरी पाणी शिरलं तेव्हा आमच्याकडची दहावीपासूनची गुणपत्रकं, प्रयोगवह्या, सगळा लगदा झाला. दुय्यम प्रती काढायला किती कार्यालयांत जावं लागलं ते विचारू नका. गुणपत्रकांचे फोटो काढून डिजिलॉकरमध्ये किंवा मेलमध्ये ठेवा, मूळ प्रती माळ्यावर, घट्ट झाकणाच्या डब्यात. नदीकाठच्या, खाडीकाठच्या सगळ्यांनीच. नवीन शैक्षणिक धोरणाच्या मुलांना श्रेयांक पेढीचा (एबीसी) क्रमांकही लागतो, तोसुद्धा लिहून ठेवा.

---

आबोली

मी वेंगुर्ल्याची. बारावीनंतर लग्न झालं, मुलं मोठी झाल्यावर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते आहे. विद्यापीठ नाशिकला, पण पुस्तकं मराठीत आणि अभ्यासकेंद्र जवळच, म्हणून माझ्यासारखीला जमतं.

ताईंनी हाताच्या सवयीबद्दल लिहिलं ते वाचून फार बरं वाटलं. माझं वाचन कधी सुटलं नव्हतं, पण लिहिणं म्हणजे वाण्याची यादी, एवढंच उरलेलं. पहिल्यांदा उत्तर लिहायला बसले तर अर्ध्या पानात अंगठा आणि मनगट दुखायला लागलं. अक्षर शेवटी शेवटी मलाच वाचता येईना. मग जुन्या कॅलेंडरची पानं फाडून ठेवली. मागची बाजू कोरी असते, कागद जाड असतो आणि आकार मोठा, त्यामुळे अक्षर सुटं येतं. दुपारी जेवणं आवरली की त्यावर एकच प्रश्न. सुरुवातीला दहाच मिनिटं, मग पंधरा. एकदम तीन तास लिहायचा अट्टाहास केला असता तर मी सोडूनच दिलं असतं.

माझ्या वयाच्या कुणी वाचत असतील तर त्यांना सांगते, लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. परीक्षेच्या वर्गात माझ्या शेजारच्या बाकावर माझ्या लेकीच्या वयाची मुलगी असते. तीही तेवढीच घाबरलेली असते.

---

खारवी पोर

दापोलीचा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात शेवटच्या वर्षाचे पेपर ऑनलाइन, बहुपर्यायी. रेंज सड्यावरच, म्हणजे गावावरच्या कातळी पठारावरच, मिळायची म्हणून आम्ही मुलं सड्यावर जाऊन पेपर दिले. त्या वर्षी लिहायची सवय पार गेली आणि पुढे एम.ए.ला लेखी पेपर आले तेव्हा सगळ्यांनाच जड गेलं. त्यामुळे हा धागा पटला. सारखा मोबाईलवर बहुपर्यायी सराव करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, पर्याय ओळखता येणं आणि स्वतः लिहिता येणं यात फार अंतर आहे.

---

सुपारीबाग

माझा मुलगा एफ.वाय.ला आहे, त्याला खूप कमी दिसतं. लेखनिक मिळतो असं ऐकलं आहे. तो बारावीला घेतला नव्हता, मोठ्या अक्षरातल्या प्रश्नपत्रिकेवर भागवलं. आता कॉलेजात कुणाला विचारावं? आणि लेखनिक घेतला तर इथे सांगितलेला लिहायचा सराव त्याने कसा करायचा?

---

कातळफूल

सुपारीबाग ताई, लेखनिक हा त्याचा हक्क आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या दृष्टिबाधित विद्यार्थ्याला मागणी केल्यास लेखनिक मिळतो आणि दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त. लेखनिक न घेता स्वतः लिहिलं तरी तो जादा वेळ मिळतोच. स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावं लागतं, त्यामुळे बारावीतली एखादी मुलगी चालेल. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र घेऊन आजच कॉलेजच्या परीक्षा विभागात जा. पेपराच्या आदल्या दिवशी धावपळ नको.

सरावाचं म्हणाल तर त्याने उत्तर सांगायचा सराव करायचा, आणि त्याच लेखनिकाबरोबर. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. वाक्य मध्येच बदललं की लेखनिक गोंधळतो. आधी मुद्दे सांगायचे, ते एका बाजूला लिहून घ्यायला लावायचे, मग एकेक मुद्दा पूर्ण वाक्यात. घड्याळ लावूनच करा. आकृत्या आणि नकाशे यांच्याऐवजी पर्यायी प्रश्न आहे का तेही कॉलेजात विचारून घ्या.

---

सुपारीबाग

खूप आभार. सोमवारीच जाते. शेजारची मुलगी बारावीला आहे, तिला आणि तिच्या आईला आज विचारते.

---

एक केटी बाकी

पाचव्या सत्राचे पेपर आहेत आणि तिसऱ्या सत्राचा एक विषय राहिला आहे. दोन्हीचा अभ्यास एकदम होत नाही. आधी कशाला हात घालू? मागच्या वेळी ३४ गुण होते ७५ पैकी, पण खालच्या भागात नापास दाखवलं.

---

निवृत्त मास्तर

४० टक्के उत्तीर्णता धरली तर ७५ पैकी ३० लागतात. त्यामुळे ३४ असतील तर बहुधा तुमचे अंतर्गत मूल्यमापनाचे गुण कमी पडले असावेत. गुणपत्रक नीट पाहा, लेखी आणि अंतर्गत वेगवेगळं लिहिलेलं असतं. अंतर्गतचंच राहिलं असेल तर पुन्हा लेखी पेपर द्यायची गरज आहे का ते आधी कॉलेजात विचारा, नाहीतर नको तो अभ्यास करत बसाल. अंतर्गत परीक्षा, प्रकल्प, हजेरी या गोष्टी मुलं फार सहज घेतात आणि तिथेच अडकतात.

लेखी राहिलं असेल तर राहिलेला विषय आधी. तो एकदा वाचलेला असतो, थोड्या दिवसांत उभा राहतो. दोन्ही सत्रांची वेळापत्रकं शेजारी ठेवून तारखा बघा, एका दिवशी दोन पेपर येत असतील तर परीक्षा विभागाला लगेच कळवा.

आणि निकालानंतरचं सगळ्यांनाच सांगतो. गुण अनपेक्षित कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती विषयाच्या सरांना दाखवा, आणि त्यांनी सांगितलं तरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. मुदत थोडीच असते. निकाल लागल्यावर रडण्यात आठवडा घालवलेली मुलं मुदत हुकवतात.

---

रसायनवाला

राष्ट्रीय सेवा योजनेचे १० वाढीव गुण हवेत म्हणून शिबिराला जाणाऱ्यांसाठी: वर्षाला १२० तास पूर्ण आणि शिबिराची हजेरी लागते. शिबिरात बंधारे घालायच्या दिवसांची नोंद आपल्याही वहीत ठेवा.

ताई, तुमचं उत्तर वाचून काल मित्राबरोबर करून बघितलं. मी त्याला संयुग दिलं, त्याने मला. न बघता अभिक्रिया लिहायची. त्याचं एक चुकलं, माझी दोन. कुठे अडतंय ते खरंच कळलं.

---

धक्क्यावरची

हेच हवं होतं. सगळ्यांचे आभार, विशेषतः मास्तर आणि कातळफूल यांचे.

आम्ही ठरवलं आहे की पेपर संपेपर्यंत दर रविवारी सकाळी वाडीच्या प्राथमिक शाळेत बसायचं. मुख्याध्यापकांनी वर्ग उघडून द्यायचं कबूल केलं आहे. खरी प्रश्नपत्रिका, खरं घड्याळ, फोन टेबलावर बंद. तपासायला मी आहे, आणि मुलं एकमेकांचेही तपासतील. कापणीमुळे एखादा रविवार चुकला तर त्या मुलाला पेपर घरी पाठवायचा. आसपासच्या गावांतली मुलं आली तरी चालतील, जागा आहे.

जुन्या प्रश्नपत्रिका पुरेशा नाहीत. परिव्यय लेखांकन आणि प्रत्यक्ष कर यांच्या, पाचव्या सत्राच्या, कुणाकडे असतील तर द्याल का? उत्तरं नकोत, नुसत्या प्रश्नपत्रिका. बी.ए.च्या मुलांसाठी इतिहास आणि मराठीच्याही चालतील.

---

वाशिष्ठी

परिव्ययाच्या माझ्या बहिणीकडे आहेत, माळ्यावरच्या डब्यात. उद्या फोटो काढून पाठवते, व्यक्तिगत निरोप बघा.

---

निवृत्त मास्तर

प्रत्यक्ष करांच्या जुन्या प्रश्नपत्रिका देऊ नका, दर आणि मर्यादा बदललेल्या असतात. मी चालू कर निर्धारण वर्षाप्रमाणे दोन सराव पेपर तयार करून देतो. रविवारपर्यंत चालेल ना?

---

धक्क्यावरची

चालेल सर. शनिवारी संध्याकाळपर्यंत मिळाले तर छापून आणता येतील, झेरॉक्सचं दुकान रविवारी बंद असतं.